मालवणात पहिल्यांदा स्नॉर्केलिंगला उतरणार असाल तर

पहिली गोष्ट, प्रवाळावर पाय ठेवू नका. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाणी उथळ आहे, दमलं की खाली उभं राहावंसं वाटतं. पण तो नुसता खडक नसतो, वरचा पातळ थर जिवंत असतो. तो सोलला गेला की तिथे शेवाळ चढतं, आणि काही जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. दमलात तर पाठीवर तरंगा, किंवा होडीच्या दोरीला धरा.

फिन्स, म्हणजे पायात घालायचे रबरी पंखे, तळाजवळ जोरात मारू नका. उडालेला गाळ प्रवाळावर बसतो. प्रवाळाच्या आतल्या सूक्ष्म शैवालाला ऊन हवं असतं, आणि प्रवाळाचं बरंचसं अन्न या शैवालाकडूनच येतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ हेच शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरा म्हणजे लगेच मेलेला नव्हे, पाणी वेळेत निवलं तर सावरू शकतो. अशा वेळी तर त्याला अजिबात त्रास नको.

सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहतानाचा अंगाला घट्ट बसणारा शर्ट, घाला. सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेन्झोन हे रसायन प्रवाळाला घातक ठरू शकतं, म्हणून ते असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईत 2021 पासून बंदी आहे. माशांना पाव घालू नका, कोणी हातात दिला तरी.

आणि होडीत बसण्याआधी विचारा, नांगर कुठे टाकणार? वाळूत टाकणार किंवा होडी बोयाला (पाण्यावर तरंगणाऱ्या, तळाशी बांधलेल्या पिंपाला) बांधणार असतील तरच जा. तुटलेला तुकडाही घरी आणू नका, वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे.