कानातला खडा

"मॅडम, मी ऐकायला बसतो हो, पण मधलं मधलं गळतं." पस्तिशीतले गृहस्थ, एडीएचडीचं (लक्ष आणि उतावीळपणा आवरणं अवघड करणाऱ्या मेंदूच्या स्थितीचं) निदान वर्षभरापूर्वी झालेलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) शेजारी बायको. तिची तक्रार एका वाक्याची: "याला माझ्या बोलण्याची किंमतच नाही."

मी तिला दोन मिनिटं दिवसभराचं काहीही सांगायला सांगितलं. हा ताठ बसला, नजर तिच्यावर रोखलेली, मान डोलतेय. संपल्यावर विचारलं, काय म्हणाली?

"तिच्या कानातल्यातला एक खडा पडलाय," तो म्हणाला. "बाकी... ऑफिसचं काहीतरी."

तिचा हात कानाकडे गेला. तिलाही माहीत नव्हतं.

म्हणजे लक्ष होतं. फक्त हवं तिथे टिकत नव्हतं. एडीएचडीतली अडचण बहुतेकदा हीच. 2013 च्या डीएसएम-5 मधल्या, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी पुस्तकातल्या, लक्षणांतही 'थेट बोललं तरी ऐकत नसल्यासारखं वाटणं' आहे. त्यातला 'वाटणं' हा शब्द मी जोडप्यांना मुद्दाम दाखवते. 'डोळ्यांत बघून ऐक' हा सल्ला तर मी केव्हाच सोडला. काहींची सगळी ताकद बघण्यातच जाते.

दुसऱ्या खेपेला त्याच्या हातात रबरबँड दिला, नजर जमिनीकडे चालेल म्हटलं. पुढ्यात कागद. मध्येच काही सुचलं तर एकच शब्द लिहायचा, कारण तो तोडून बोलायचा ते उद्धटपणाने नव्हे, 'आत्ता नाही बोललो तर विसरेन' या धास्तीने. मनात गोष्ट धरून ठेवणारी स्मृती अनेकांची इथे तोकडी पडते.

मिनिटभरात तो म्हणाला, "थांब. साहेबांनी बोलावलं, त्यापुढचं सुटलं माझं."

"बघा!" ती उसळली.

मी म्हटलं, "कुठे सुटलं ते आज त्याला कळलं. एरवी तो काय करतो?"

"हं हं करतो," ती म्हणाली. जरा थांबून तिने साहेबांपासून पुन्हा सुरू केलं.

हे 'हं हं' मोडायला आम्हाला सहा भेटी लागल्या. सुटलं म्हणून कबूल करायची त्याला लाज, पुन्हा सांगायचा तिला कंटाळा, दोन्ही खरं. आता बोलण्याआधी ती विचारते, "आत्ता जमेल?" तो कधी "दहा मिनिटांनी" म्हणतो आणि मोबाइलवर गजर लावतो. गजर नसेल तर ती दहा मिनिटं उगवत नाहीत, हे दोघांनाही पाठ झालंय.

परवा आले होते. तिने खडा बसवून आणलाय. त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.