वास गेला म्हणजे पेट्रोल गेलं असं नाही

पेट्रोलपंप किंवा जुन्या गॅरेजला लागून असलेल्या सोसायट्यांची पत्रं दर पावसाळ्यानंतर येतात. प्रश्न तेच असतात, म्हणून या वेळी उत्तरं एकत्रच देतो.

बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतो. उकळून प्यायलं तर चालेल का?

नाही. उकळल्यावर पेट्रोलमधलं बेंझीन हे विषारी रसायन पाण्यातून निघून तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत मिसळतं. पिणं, स्वयंपाक आणि गरम पाण्याची अंघोळ, तिन्हीसाठी हे पाणी आजच बंद करा.

फिल्टरवाल्याने टीडीएस मोजला, २८० आला. पाणी उत्तम आहे म्हणतो.

टीडीएसचं यंत्र क्षार मोजतं. पेट्रोल त्यात दिसतच नाही. हा आकडा दाखवून कुणी महागडं मशीन गळ्यात मारत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला फक्त ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि ते शोधायला गॅस क्रोमॅटोग्राफी ही प्रयोगशाळेतली तपासणीच लागते. नमुना कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत नेऊ नका. प्रयोगशाळेकडून ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या मागून घ्या. कुपी काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची आणि टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर तो नमुना बाद, पुन्हा घ्यायचा. मग बर्फात ठेवून लगेच पोचवायचा.

मे महिन्यात वास पूर्ण गेला. पंपमालक म्हणतात गळती बंद झाली. आता विषय सोडावा का?

मुळीच सोडू नका. सर्वांत जास्त नुकसान याच समजुतीने होतं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलावर तरंगतं. उन्हाळ्यात पाण्याची पातळी उतरते, तसं तेही उतरतं आणि वाटेतल्या मुरमाला, कातळाच्या फटींना चिकटून बसतं. पावसाळ्यात पाणी वर चढलं की चिकटलेलं पेट्रोल पुन्हा पाण्यात उतरू लागतं. टाकीची गळती बंद झाली तरी हे वर्षानुवर्षं चालू राहतं.

त्यात आपल्याकडचा कातळ. वाळूत पाणी सगळीकडून झिरपतं, इथे ते फटींमधून वाट काढतं. त्यामुळे पंपाला खेटून असलेली विहीर चांगली आणि बरीच लांबची बोअर बिघडलेली, असंही होतं. ‘शेजाऱ्यांना त्रास नाही’ हा पुरावा नव्हे. एका सोसायटीने दोन उन्हाळे असेच वाट पाहण्यात घालवले. शेवटी आम्ही बोअरमध्ये पारदर्शक नळी सोडून वर काढली, तर पाण्यावर बोटभर पिवळसर थर होता. पहिल्याच वर्षी बोलावलं असतं तर काम कितीतरी सोपं झालं असतं.

टाकी आणि पाइपांच्या गळतीचाचणीचा अहवाल लेखी मागा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा आणि पोच घ्या. दूषित जागांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम जुलै २०२५ मध्ये आले आहेत, अर्जात त्यांचा उल्लेख करा.

पुनर्विकासाच्या जागेवर पूर्वी गॅरेज होतं. बिल्डर म्हणतो, वरची माती उचलली की झालं.

खालचं पाणी तपासल्याशिवाय करारावर सही करू नका. तळघराच्या खड्ड्यातून पाणी उपसायला लागलं की शेजारच्या जमिनीतलं पेट्रोलही त्या दिशेने ओढलं जातं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती तळघरात साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी ठिणगी पुरते. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात १९९२ साली गळक्या वाहिनीतलं पेट्रोल गटारात उतरलं आणि स्फोटांत दोनशेहून अधिक माणसं गेली. आधी माती आणि पाणी दोन्हींचे नमुने, मग पर्यावरण सल्लागाराचा लेखी अहवाल, मग खोदाई. उचललेली माती कुठे जाणार तेही लेखी घ्या.

हे पाणी झाडांना घालू का?

अहवाल येईपर्यंत नको.

बोअर दिवसरात्र चालू ठेवली तर वास निघून जाईल ना?

नाही, लांबचं पेट्रोल तुमच्याकडे येईल. बोअर बंद ठेवा, बुजवू मात्र नका. भूजलतज्ज्ञाला नमुन्यासाठी तीच लागणार आहे.