भांडी स्वच्छ झाली, हे ठरवायचं कुणी?

"मॅडम, कितीही घासली तरी भांडी स्वच्छ झाल्यासारखी वाटतच नाहीत." हे वाक्य समुपदेशनाच्या खोलीत इतक्या जणींकडून ऐकलंय, की त्यावर एकदा सविस्तर लिहायला हवं असं वाटू लागलं. कुणी भांड्यांऐवजी लादीबद्दल बोलतं, कुणी ओट्याबद्दल, कुणी नळांवरच्या डागांबद्दल. पुरुषही येतात, पण ते बहुधा बायकोला घेऊन येतात आणि 'हिचं' म्हणून सुरुवात करतात. २०२० साली आपण सगळेच दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो. पुष्कळांची ती सवय सुटली, काहींची सुटली नाही. मात्र माझ्याकडे येणाऱ्या अनेकांचा त्रास करोनाच्या कितीतरी आधीचा असतो.

यातल्या बहुतेकांना मनाबद्दल बोलायचंच नसतं. आपल्याला योग्य पावडर अजून सापडलेली नाही, अशी त्यांची समजूत असते. चिंच, लिंबू, राख, खायचा सोडा, व्हिनेगर, सगळं करून झालेलं असतं. म्हणून मी पहिल्या भेटीत मनाचा विषय काढतच नाही, भांड्यांबद्दलच विचारते.

इथे जिला मी मीनल म्हणते आहे, तिचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिच्या गोष्टीत आणखी एकदोघींच्या गोष्टीही मिसळल्या आहेत. मीनल चाळिशीतली, बँकेत नोकरी करणारी, पुण्याच्या पूर्वेला वाघोलीच्या बाजूला राहणारी. तिला माझ्याकडे पाठवलं ते त्वचारोगतज्ज्ञांनी. हातांना भेगा पडत होत्या, मलमं बदलून झाली, तरी फरक पडेना. तेव्हा त्या डॉक्टरांनी विचारलं, "दिवसातून किती वेळ हात पाण्यात असतात?" मीनलला रडू फुटलं.

सकाळी मावशी येऊन भांडी घासून जायच्या. मीनल संध्याकाळी बँकेतून आली की तीच भांडी टोपलीतून काढून पुन्हा घासायची. स्वयंपाकाआधी एकदा, वाढण्याआधी एकदा विसळायची. मुलीचा डबा तर वेगळाच. घरात जेवायला साडेदहा वाजायचे. दोन मावशी काम सोडून गेल्या होत्या. त्यातली एक जाताना म्हणाली होती, "ताई, तुम्हीच घासायची असतात तर मला कशाला बोलावता?" हे सांगताना मीनलचा आवाज खाली गेला. बाईचा अपमान झाला, हे तिला तेव्हाच कळलं होतं. कळूनही तिचे हात थांबले नव्हते.

मी विचारलं, "भांड्यांवर नेमकं काय दिसतं तुम्हाला?"

"पांढरट डाग. वाळल्यावर दिसतात. साबण राहिलाय असं वाटतं, म्हणून पुन्हा धुते. वाळलं की पुन्हा दिसतात."

"पाणी कुठलं येतं?"

"बोअरचं. उन्हाळ्यात टँकर."

हा डाग खरा होता. तिच्या मनाचा खेळ नव्हता, हे तिला स्पष्ट सांगणं फार आवश्यक होतं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. भांड्यावरचं पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा, म्हणजे या क्षारांचं प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. कठीण पाण्याने धुतलेल्या स्टीलवर डाग येणारच. साबणाने तो निघत नाही, आंबटाने निघतो. लिंबूसत्व किंवा व्हिनेगर टाकलेल्या पाण्यात भांडं थोडा वेळ ठेवलं की क्षार सुटतात. त्याहून सोपी गोष्ट म्हणजे धुतल्यावर भांडं तसंच निथळत न ठेवता कोरड्या फडक्याने पुसून टाकायचं.

मी तिला एक काम दिलं. घरातल्या सारख्या दिसणाऱ्या दोन स्टीलच्या ताटल्या घ्यायच्या. एक ताटली एकदाच घासायची आणि लगेच पुसून ठेवायची. दुसरी चार दिवस रोज अनेकदा धुवायची आणि दर वेळी तशीच वाळू द्यायची. हे सगळं तिने नाही, नवऱ्याने करायचं; कुठली कोणती, याची खूण मागच्या बाजूला पेनाने करायची आणि तिला सांगायचं नाही.

पुढच्या भेटीला दोन्ही ताटल्या माझ्या टेबलावर होत्या. मी विचारलं, "यातली जास्त धुतलेली कुठली?" तिने क्षणात लख्ख ताटलीवर बोट ठेवलं. नवऱ्याने ताटली उलटी केली. ती एकदाच धुतलेली होती.

मीनल बराच वेळ दोन्ही ताटल्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी धूत होते, म्हणून डाग वाढत होते?"

अशा वेळी समुपदेशकाने बोलायचं नसतं. मीही बोलले नाही. माझं शिक्षण विवेकनिष्ठ विचारपद्धतीचं, म्हणजे त्रास देणाऱ्या समजुती तपासून बदलण्याच्या उपचारपद्धतीचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये ती मांडली आणि डॉ. कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसाच्या घरापर्यंत आणली. माणसाला शहाणपण सांगून उपयोग नसतो, ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता आलं पाहिजे, असं मी या वाटेवर शिकले. त्या दोन ताटल्यांनी जे केलं, ते माझ्या दहा व्याख्यानांनी झालं नसतं, याचं मला आजही समाधान वाटतं.

पण इथेच प्रश्न सुटला असता, तर हा लेख साफसफाईच्या युक्त्यांचा झाला असता. मीनलला दोन दिवस हलकं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: 'डाग क्षारांचे आहेत हे पटलं. पण फडक्यावर जंतू असतील तर?'

शंका डागावरून उठून फडक्यावर जाऊन बसली होती. तेव्हा मी तिला तो प्रश्न विचारला, जो आता मी प्रत्येकीला विचारते: "भांडं स्वच्छ झालं, हे तुम्हाला कशावरून कळतं?"

"मनाला पटलं की."

"तुमच्या आईला कशावरून कळायचं?"

ती हसली. "आई बोट फिरवायची. करकर वाजलं की झालं. वास घ्यायची, विशेषतः दुधाच्या भांड्याचा. आणि पालथं घालून मोकळी."

"आई आजारी पडली का त्याने? तुम्ही भावंडं पडलात?"

"नाही."

"आई कशाला विचारायची? बोटाला, नाकाला, डोळ्याला. तुम्ही कशाला विचारता?"

मीनलने उत्तर द्यायला वेळ घेतला. "मी भांड्याकडे बघतच नाही, मॅडम. मी आत बघते. धडधड थांबली का, ते बघते."

या सगळ्या प्रकरणातलं मला सगळ्यांत मोलाचं वाटणारं वाक्य हेच. ज्यांना घर 'नीट स्वच्छ' करता येत नाही असं वाटतं, त्यांचं घर बहुधा माझ्या-तुमच्या घराहून स्वच्छ असतं. त्यांचं माप मात्र बदललेलं असतं. बोटाला लागणारा ओशटपणा संपतो, तो संपला हे कळतं. मनाची धडधड घासून संपत नाही. उलट दर वेळी धुतल्यावर जरा बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी पुन्हा धुवावंसं वाटतं.

या शंकेला खऱ्या घाणीत फारसा रस नसतो, याचा पुरावाही तिच्याच स्वयंपाकघरात होता. भांडी चार-चारदा धुतली जात होती, पण ज्या स्पंजने धुतली जात होती तो कित्येक महिन्यांचा, कायम ओला, सिंकच्या कडेला पडलेला होता. ओल्या स्पंजमध्ये जंतू वाढतात. पाण्याच्या फिल्टरचं सर्व्हिसिंग वर्षभर झालेलं नव्हतं. मुलीला लहानपणी कावीळ झाली होती आणि तेव्हापासून हे वाढलं, असं मीनलने सांगितलं. सासूबाईंचा एक शब्दही तिच्या मनात अडकून बसला होता: "तुझं लक्ष कुठं असतं?" ते मी मनापासून ऐकून घेतलं. पण काविळीचे जे विषाणू पोटावाटे शरीरात जातात, ते मुख्यतः दूषित पाणी आणि अन्न यांतून पसरतात. त्या घरात पहिलं लक्ष द्यायचं होतं ते फिल्टरकडे.

इथे माझं मत सांगते. त्रास कशामुळे सुरू झाला, हा एक प्रश्न. तो आज कशामुळे चालू आहे, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरा आपोआप सुटेल, या आशेवर लोक वर्षं घालवतात. मी दुसऱ्यापासून सुरुवात करते. मीनलला मुलीच्या काविळीची आणि सासूबाईंच्या बोलण्याची चर्चा करायला मी वेळ दिला, पण रोजच्या टोपलीचा सराव त्यासाठी थांबवला नाही.

सराव असा होता. नियम आधीच ठरवायचा, शांत डोक्याने, सिंकसमोर उभं राहून नाही. भांडं एकदा घासायचं, एकदा विसळायचं, पुसायचं, जागेवर ठेवायचं. मावशींनी घासलेलं भांडं थेट वापरायचं. मन पटो न पटो, पुन्हा हात लावायचा नाही. अस्वस्थता येईल, ती येऊ द्यायची. दहापैकी किती आहे ते वहीत लिहायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. सुरुवात ताटल्यांपासून केली. मुलीचा डबा सगळ्यांत शेवटी घेतला, कारण तोच सर्वांत अवघड होता.

पहिल्या संध्याकाळी वहीत नऊ होतं. मीनल स्वयंपाकघरातून बाहेर येऊन गॅलरीत उभी राहिली. तासाभराने आकडा चारवर आला होता, काहीही न धुता. "तो आपोआप उतरला," ती मला सांगत होती, आणि तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. इतकी वर्षं तिची खात्री होती, की धुतल्याशिवाय तो उतरतच नाही.

हा विचार नवा नाही. १९६६ मध्ये लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी अशा रुग्णांना ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ नेलं, आणि धुण्यापासून थांबवलं. थांबवताना सोबत माणूस ठेवला. 'सोबत' हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे घरची माणसं एकतर ओरडून थांबवतात, नाहीतर हवं तितकं धुऊ देतात.

मीनलचा नवरा तिसरंच करत होता. ती विचारायची, "बघ ना, स्वच्छ आहे ना?" आणि तो म्हणायचा, "आहे गं, अगदी स्वच्छ." दिवसातून कितीतरी वेळा. तो ते प्रेमानेच करत होता. पण त्याचं प्रत्येक 'आहे' हे तिच्यासाठी एक विसळणंच होतं, पाण्याशिवायचं. आम्ही तिघांनी बसून ठरवलं, की त्याने यापुढे या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. काय म्हणायचं तेही ठरवलं: "याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय. तुला आत्ता त्रास होतोय ते मला दिसतंय. चल, खाली एक चक्कर मारू." पहिले काही दिवस ती चिडली. तो ठाम राहिला आणि एकदाही आवाज चढवला नाही. तिच्या बऱ्या होण्यात मी त्याचा मोठा वाटा मानते.

घरच्यांसाठी म्हणूनच आवर्जून सांगते: 'नाटकं बंद कर' म्हणू नका. तिच्या वतीने भांडी धुऊनही देऊ नका. मावशींना काय हवंय ते कामाच्या सुरुवातीला एकदाच नीट समजावून सांगा, आणि त्यांच्या पाठीमागे पुन्हा घासू नका. त्यांच्या श्रमाचा मान त्यातच आहे.

एक धोका वेगळा सांगायला हवा. डाग जात नाही म्हणून लोक दोन-तीन द्रव्यं एकत्र करतात. मीनलनेही बाथरूमचं आम्लाचं क्लीनर आणि ब्लीच एकत्र ओतलं होतं आणि नंतर तिला खोकल्याची उबळ आली होती. या दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो, तो फुप्फुसांना इजा करतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबूसत्वसुद्धा मिसळायचं नाही.

आता, हे सगळ्यांना लागू आहे का? नाही. कुणाला घर लख्ख ठेवायला आवडतं, त्यात आनंद मिळतो, ते झालं की ती माणसं निवांत बसतात. त्यांना माझी गरज नाही. कुणाचा प्रश्न खरोखर कठीण पाण्याचाच असतो, ते लिंबूसत्वाने सुटतात आणि मला पुन्हा भेटत नाहीत. पण धुण्या-तपासण्यात रोज तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जात असेल, हातांना भेगा पडत असतील, जेवणाच्या, झोपेच्या, शाळेच्या वेळा बिघडत असतील, लपून धुतलं जात असेल, तर तो मंत्रचळ, म्हणजे ज्याला इंग्रजीत ओसीडी म्हणतात तो, असू शकतो. तो आजार आहे, स्वभाव नाही. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. काहींना गोळ्यांचा चांगला उपयोग होतो आणि सोबत सराव केला तर अधिक होतो. मीनलनेही काही काळ गोळ्या घेतल्या. जवळपास कुणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

"हे पुन्हा सुरू होईल का?" हा प्रश्न शेवटच्या भेटीत नवऱ्याने विचारला. शंका येईल, असं मी सांगितलं. मुलगी आजारी पडली, घरात पाहुणे आले, सण आला की येईल. तेव्हा आठवडाभर वहीचा सराव पुन्हा काढायचा.

गौरी-गणपतीच्या आधी मीनलचा फोन आलाच. पूजेची तांब्या-पितळेची भांडी दोनदा घासावीशी वाटत होती. मी सांगितलं, चिंचेने एकदा घासा, धुऊन कोरडी पुसा. धातू हवेने काळवंडतो, गौरी जेवायच्या आत थोडा काळवंडेलही, तेवढा राहू द्या. "मावशी म्हणाल्या, मी घासते," मीनल म्हणाली, "म्हणून त्यांनाच दिलीत. मला फक्त विचारायचं होतं, की नंतर मी बघू का?" बघा, मी म्हटलं, एकदा, डोळ्यांनी.