हॅक्सॉ ब्लेडचे दाते आणि पाइपाची जाडी

प्रश्न : माझे लहान वर्कशॉप आहे. ट्रॉलीची दुरुस्ती, लोखंडी खाटा, केळीच्या बागांसाठी पाइपाची जोडणी अशी कामे येतात. भरीव सळई ज्या हॅक्सॉ (धातू कापायची हातकरवत) ब्लेडने छान कापली जाते, त्याच ब्लेडचे दाते पाइप कापताना तुटतात. महागाचे ब्लेड घ्यावे का?
– एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : केवळ महागाचे ब्लेड घेतल्याने आपली अडचण सुटणार नाही, कारण दोष किमतीचा नसून दात्यांच्या निवडीचा आहे. एका इंचात किती दाते आहेत, हे ब्लेडवर छापलेले असते. १४, १८, २४ आणि ३२ हे नेहमीचे प्रकार होत. कापायच्या धातूच्या जाडीवर एका वेळी निदान तीन दाते टेकावेत, हा निवडीचा मूळ नियम आहे. १४ दात्यांच्या ब्लेडमध्ये दोन दात्यांतील अंतर सुमारे १.८ मिमी असते. त्यामुळे अडीच मिमी जाडीची भिंत असलेल्या पाइपावर जेमतेम एखाद-दुसरा दाता टेकतो, पाइपाची कड मधल्या खाचेत अडकते आणि पुढच्या रेट्याला दाता उडतो. एक गेला की त्याचा भार मागच्यावर येतो आणि पाहता पाहता रांगच मोकळी होते.

म्हणून पाइप आणि अँगल (काटकोनी लोखंडी पट्टी) यांसाठी २४ दात्यांचे ब्लेड घ्यावे, आणि पातळ नळी व पत्रा यांसाठी ३२ दात्यांचे. पत्रा तर दोन लाकडी पट्ट्यांमध्ये व्हाइसात (टेबलावरच्या पकडशेगड्यात) धरून लाकडासकट कापावा, म्हणजे तो थरथरत नाही. भरीव सळईला १८ आणि ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूला १४ योग्य, कारण मोठ्या खाचांत कीस मावतो.

काम शेतावर, पाइप हाताने दाबून करायचे असेल, तर फक्त दात्यांची कड कडक केलेले लवचिक ब्लेड न्यावे. संपूर्ण कडक ब्लेड व्हाइसातील कामात सरळ चालते, पण जरा पीळ बसला की काडकन मोडते.

ब्लेड बसवताना दाते मुठीपासून पुढच्या दिशेने असावेत, आणि दाब फक्त पुढे ढकलताना द्यावा. ब्लेड अर्ध्या कापात मोडले, तर नवे ब्लेड जुन्या खाचेत कधीही घालू नये. झिजलेल्या ब्लेडने पाडलेली खाच अरुंद असते आणि नवे त्यात आवळते. अशा वेळी पाइप फिरवून दुसऱ्या बाजूने नवा काप घ्यावा.