तिकीट होतं, पण मोबाईल बंद पडला: टीसीने घेतलेला दंड म्हणजे केस झाली का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात सांगतो. वय २४, रोज ठाण्याहून लोकलने कामाला जातात. त्या दिवशी मोबाईल ॲपवर सेकंड क्लासचं तिकीट काढलं, कर्जतहून आलेली फास्ट लोकल पकडली, उतरल्यावर पुलावर टीसीने अडवलं आणि खिशातून मोबाईल काढला तर स्क्रीन काळी. बॅटरी संपलेली. "तिकीट आहे, दोन मिनिटं चार्ज करू द्या" म्हणाले, टीसी म्हणाला दंड भरा. हे तापले, भरणार नाही म्हणाले, मग टीसी ऑफिसात नेऊन बसवलं, आरपीएफला (रेल्वे सुरक्षा दलाला) बोलावू का अशी विचारणा झाली. तिथे एकाने चार्जर दिला, मोबाईल सुरू झाला, ॲपमध्ये तिकीट दिसलं, ते दाखवलंही, तरी २५० रुपये आणि वर चक्क कर्जतपासूनचं भाडं अशी पावती फाडली. रजिस्टरमध्ये नाव पत्ता लिहून सही घेतली. आता हे सरकारी नोकरीच्या परीक्षेत पास झालेत, चारित्र्य पडताळणीचा फॉर्म हातात आहे आणि मित्रांनी डोक्यात भरवलंय की तुझ्यावर रेल्वेची केस झाली, कोर्टाचं समन्स येईल, नोकरी गेली समज.

आधी श्वास घ्या. केस झालेली नाही.

तुम्ही पावतीचा फोटो पाठवलात ते बरं केलंत, कारण अशा भानगडीत सगळं त्या चिटोऱ्यावर असतं आणि बहुतेक लोक ते रागाच्या भरात तिथेच फेकून देतात. तुमच्या पावतीवर दोन रकमा आहेत, एक भाडं आणि दुसरा एक्सेस चार्ज २५० रुपये. म्हणजे ही वसुली रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १३८ खालची आहे. सगळी भीती ज्यातून येते ते कलम १३७ वेगळं आणि या दोघांत जमीन अस्मानाचा फरक आहे, तो नीट समजून घ्या.

कलम १३७ म्हणजे फसवण्याच्या इराद्याने विनातिकीट प्रवास. इरादा हा त्यातला जीव. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि खास कारण असल्याशिवाय दंड पाचशेच्या खाली नाही. हा गुन्हा आहे, तो कोर्टात चालतो आणि शिक्षा झाली तर ती शिक्षाच असते, "लोकलचा किरकोळ दंड" म्हणून सोडून देता येत नाही. कलम १३८ मध्ये इराद्याचा प्रश्नच नाही. विसरलात, हरवलं, बॅटरी संपली, काहीही असो, तिकीट दाखवता आलं नाही तर भाडं अधिक एक्सेस चार्ज द्या आणि जा. एक्सेस चार्ज म्हणजे भाड्याइतकी रक्कम किंवा २५० रुपये, यातलं जे जास्त असेल ते. त्यामुळे लोकलवाल्याला जवळजवळ नेहमी २५०च बसतात आणि लांबच्या गाडीत भाडं ६०० असेल तर वर आणखी ६०० असे १२०० होतात. पैसे दिले की विषय संपला, मॅजिस्ट्रेट नाही, खटला नाही.

आता तुमचा मुख्य राग, की तिकीट होतं तरी दंड का. खरं सांगू का, २५०च्या बाबतीत टीसी बरोबर आहे. कलम ५४ म्हणतं मागितल्यावर तिकीट दाखवायचं, आणि कलम १३८ म्हणतं मागितल्यावर लगेच दाखवलं नाही तर पैसे. त्यातला "लगेच" हा शब्द तुम्हाला नडला. तिकीट असणं पुरेसं नाही, दाखवता येणं लागतं. कागदी तिकीट घरी राहिलेल्यालाही हाच न्याय. माझ्याकडे असे बरेच जण येतात जे दुसऱ्या दिवशी तिकीट घेऊन दंड परत मागायला जातात आणि चिडून परत येतात. ॲपच्या तिकिटात तर स्क्रीनशॉटही चालत नाही, ॲप उघडूनच दाखवावं लागतं, म्हणजे बॅटरी सांभाळणं ही तुमचीच जबाबदारी. मला स्वतःला हे थोडं कडक वाटतं, टीसीच्या हातातल्या मशीनवर मोबाईल नंबर टाकून तिकीट तपासायची सोय द्यायला काय हरकत आहे, पण आजचा कायदा हा असा आहे.

पण तेच तिकीट जे २५० रुपये वाचवू शकलं नाही ते तुम्हाला कलम १३७ पासून मात्र पूर्ण वाचवतं. ज्याने गाडीत चढायच्या आधी पैसे भरून तिकीट काढलंय त्याचा फसवायचा इरादा होता असं कोण म्हणेल? म्हणून आज रात्रीच ॲपच्या बुकिंग हिस्टरीत जा, त्या तिकिटाचा नंबर, काढल्याची वेळ, कुठून कुठे ते सगळं दिसेल असा फोटो घ्या, बँकेचा किंवा यूपीआयचा मेसेज जपून ठेवा. आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, कागदाशिवायचं तिकीट ॲपवर रुळांच्या आणि स्टेशनच्या अगदी जवळून निघत नाही, थोडं लांबून काढावं लागतं, म्हणजे टीसी दिसल्यावर पुलावर उभं राहून काढलं असा आरोप करायलाही जागा नाही.

कर्जतच्या भाड्याचं मात्र वेगळं आहे, आणि इथे मला तुमची बाजू पटते. कलम १३८ असं म्हणतं की प्रवास जेवढा केला तेवढ्याचं भाडं, आणि माणूस कुठे चढला याबद्दल शंका असेल तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचं (वाटेत तपासणी झालेली असेल तर शेवटची जिथे झाली तिथपासूनचं). पुलावर तुम्हाला पहिल्यांदा विचारलं तेव्हा शंका होती हे मान्य. पण तुमच्याच सांगण्याप्रमाणे पावती फाडायच्या आधी मोबाईल सुरू झाला होता आणि टीसीने ठाण्याचं तिकीट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग शंका कसली राहिली? भाडं ठाण्यापासूनचंच लागायला हवं होतं. यावर एक पानाचा साधा अर्ज त्या रेल्वेच्या विभागीय कार्यालयात वाणिज्य शाखेकडे द्या, पावतीची आणि तिकिटाची प्रत जोडा, मागणी फक्त भाड्यातल्या फरकाची करा, २५० रुपयांबद्दल एक शब्द लिहू नका, नाहीतर सगळाच अर्ज नियमावर बोट ठेवून बाजूला पडेल. सोबत रेल मदद ॲपवर किंवा १३९ वर तक्रार नोंदवून नंबर घ्या. यासाठी वकील लावू नका, माझ्या एका सल्ल्याच्या फीत तुमचे असे बरेच दंड भरून होतील.

आता पडताळणीचा फॉर्म. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून प्रश्न शब्दशः वाचा. साधारण विचारतात की अटक झाली आहे का, खटला चालला आहे का, कोर्टाने दंड केला आहे का, दोषी ठरवलं आहे का. "कोर्टाने" या शब्दाकडे बघा. तुम्हाला पैसे भरायला लावले ते टीसीने, कोर्टाने नाही. टीसी ऑफिसात अर्धा तास बसणं म्हणजे अटक नाही आणि तिथल्या रजिस्टरमधली सही म्हणजे एफआयआर नाही. तुम्ही लिहिलंय तसंच घडलं असेल, आरपीएफने ताब्यात घेतलं नाही, मॅजिस्ट्रेटपुढे नेलं नाही, तर या सगळ्याला "नाही" हेच खरं उत्तर आहे आणि ते लिहिताना हात थरथरायचं कारण नाही. सही कशावर केली ते आठवत नाही म्हणता, तर वरच्या अर्जातच त्या नोंदीची प्रत मागा, नाही दिली तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात मागा, म्हणजे मनातली शंका जाईल.

तुमच्यासारखंच कुणी वाचत असेल आणि त्याचं प्रकरण दंडाच्या पुढे मॅजिस्ट्रेटपर्यंत गेलं असेल तर त्याच्यासाठी सांगतो. पैसे द्यायला नकार दिला की टीसी गप्प बसत नाही. कलम १३८ मध्येच आहे की न दिलेली रक्कम वसूल करायला रेल्वे मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकते, आणि तरीही भरली नाही तर दहा दिवस ते एक महिना कैद होऊ शकते. आरपीएफ ताब्यात घेऊ शकतं, पण चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. आणि इथेच लोक सगळ्यात मोठी चूक करतात. सकाळची वेळ, ऑफिसला उशीर झालेला, रांगेत पंधरा वीस जण, नाव पुकारलं की माणूस हात जोडून "चूक झाली साहेब" म्हणतो, दंड भरतो आणि पळतो. त्याला वाटतं टीसीचाच दंड जरा महाग पडला. प्रत्यक्षात कागदावर कलम १३७ असेल तर त्याने फसवणुकीचा गुन्हा कबूल केलेला असतो, आणि पुढे दोन वर्षांनी पडताळणीचा फॉर्म आला की माझ्याकडे येऊन बसतो. तेव्हा तिथे तोंड उघडायच्या आधी एवढंच विचारा, साहेब माझ्यावर कलम कुठलं आहे. १३७ असेल आणि तुमच्याकडे तिकिटाचा पुरावा असेल तर कबूल करू नका, वेळ मागा. गुन्हा जामीनपात्र आहे, आत ठेवणार नाहीत. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या कोणालाही, आणि स्त्रियांना तर उत्पन्न न बघता, विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो.

आणि समजा कबूल करून बसलातच, तर फॉर्ममध्ये लपवू नका. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात या विषयावर सविस्तर सांगितलंय. माहिती खरी द्यायची, आणि किरकोळ गुन्हा असेल तर नोकरी देणाऱ्याने तो किरकोळ म्हणून सोडून देण्याचा विचार करावा. बऱ्याचदा दंडाने नोकरी जात नाही, लपवण्याने जाते.

तुमच्या मित्राने म्हटलं ना, "शंभर हातावर टेकवून सुटायचं होतंस"? त्याला सांगा, २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार आहे, सक्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवलं तरच सूट. २५० वाचवायला जाऊन भ्रष्टाचाराच्या कायद्यात अडकायचं हा कुठला हिशोब? पावती नाही तर पैसे नाही, हे मात्र टीसीला ठणकावून सांगा. तो तुमचा मोबाईल किंवा पाकीट ठेवून घेऊ शकत नाही. आणि तुम्हीही आवाज चढवू नका, कारण धक्काबुक्की झाली किंवा कामात अडथळा आणला तर कलम १४६ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, मग तिकीट खिशात असून उपयोग शून्य. तुम्ही त्या दिवशी तापलात ते मला काही आवडलेलं नाही.

शेवटी बहिणीचं विचारलंत, ती सेकंडचा पास घेऊन गर्दीत कधी कधी फर्स्टच्या लेडीज डब्यात चढते. तिला फरक अधिक एक्सेस चार्ज बसेल. पैसे नसतील तर डब्यातून उतरवू शकतात, पण सेकंडच्या डब्यात पुढे जायला तिला कोणी अडवू शकत नाही, पास आहे तिच्याकडे. एकट्या बाईला किंवा मुलाला गाडीतूनच उतरवायचं तर कलम १३९ प्रमाणे तिने किंवा त्याने जिथून प्रवास सुरू केला ते किंवा गाडीचं शेवटचं स्टेशन, जंक्शन किंवा जिल्ह्याचं ठिकाण असलेलं स्टेशन हवं, आणि तेही दिवसा उजेडी. रात्री अकराला मधल्या कुठल्या तरी स्टेशनवर उतर म्हणाले तर तिने हे कलम सांगावं.

राहिलं एक. गाडीत बसल्यावर बॅटरी दोन टक्क्यांवर आलेली दिसली तर मोबाईल जपून बंद करा, गाणी बंद करा, आणि उतरायच्या आधी चालू करून ॲप उघडून ठेवा. चढायच्या आधीच लक्षात आलं तर दहा रुपयांचं कागदी तिकीट काढून मोकळे व्हा. प्लॅटफॉर्म तिकिटावर प्रवास चालतो असा जो मेसेज फिरतो त्याच्या नादी लागू नका, गार्डकडून किंवा अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याकडून आधी परवानगीचा दाखला घेतला असेल तरच एक्सेस चार्ज माफ होतो, तो दाखला गर्दीच्या लोकलमध्ये कोण देत बसणार.

आणि ती पावती थर्मल कागदावरची दिसतेय, पाकिटात ठेवलीत तर दोन तीन महिन्यांत अक्षरं उडून पांढरा कागद उरेल. उद्या सकाळी आधी तिच्या दोन झेरॉक्स काढा, मग अर्ज लिहायला बसा, आणि अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.