पास्ता खरखरीतच हवा

प्रश्न : ताई, लेकीने पास्त्याची दोन पाकिटं आणली. एक पिवळंधमक, गुळगुळीत. दुसरं तिप्पट महाग, पण फिकट आणि वर पीठ भुरभुरल्यासारखं. महागातला माल जुना तर नसेल? आणि मशीन न घेता पास्ता घरी जमेल का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : माल जुना नाही, लेकीने पारखून आणलाय. तो खरखरीतपणा येतो कांस्याच्या साच्यामुळे. कारखान्यात बहुतेक साच्यांना टेफ्लॉनचं अस्तर असतं. पीठ झरझर सरकतं आणि पास्ता चकचकीत निघतो, पण सॉस त्याच्यावरून घसरून ताटलीत जमतो. कांस्यातून निघालेल्या पास्त्याला सॉस धरून राहतो.

दुसरी गोष्ट वाळवण्याची. जुन्या पद्धतीत चाळीस-पन्नास अंशांवर एक-दोन दिवस सावकाश वाळवतात. घाईत ऐंशी अंशांच्या वर काही तासांत वाळवला की रंग गडद होतो आणि गव्हाचा वास हरवतो. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावात पूर्वी रस्त्यावरच काठ्यांवर पास्ता वाळत असे. डोंगर आणि समुद्र यांच्या मधलं ते वारं त्याला मानवत असे. त्या गावच्या पास्त्याला २०१३ मध्ये युरोपीय भौगोलिक मानांकन मिळालं, आणि कांस्याचा साचा ही त्याची अट आहे.

घरी करायचा तर बारीच्या बायकांचा ओरेक्येत्ते, म्हणजे छोट्या कानाच्या आकाराचा पास्ता करा. दक्षिण इटलीतल्या या शहरात जुन्या गल्लीत बायका दारात लाकडी पाट मांडून बसतात. अंडं नाही, मशीन नाही, फक्त रवा आणि पाणी. मैदा मुळीच घेऊ नका. इटलीत सुक्या पास्त्याला ड्युरम, म्हणजे कडक दाण्याचा गहूच हवा असा १९६७ पासून कायदा आहे, आणि आपला बन्सी गहू ड्युरमच आहे. बन्सी रवा मिक्सरवर आणखी बारीक करून चाळा. ४०० ग्रॅमला साधारण २०० मिली कोमट पाणी, थोडं थोडं घाला. दहा मिनिटं चांगलं मळा. सुरुवातीला पीठ हट्टी वाटेल, पाणी वाढवू नका. झाकून अर्धा तास ठेवा. मग बोटाएवढ्या जाड वळ्या करून सेंटिमीटरभर तुकडे कापा. प्रत्येक तुकडा बोथट सुरीने पोळपाटावर दाबत आपल्याकडे ओढा आणि अंगठ्यावर उलटा करा. पोळपाट लाकडीच घ्या, ओट्याच्या ग्रॅनाइटवर खरखर येत नाही.

लग्नघरी गव्हले वळलेला हात असेल तर हे चटकन जमेल. माझ्या आत्याने इटली पाहिली नव्हती, पण बोटांच्या पेरांनी किती दाबायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. अशा बायका आजही गिरगावात, दादरला आहेत. एकीला शेजारी घेऊन बसा.

मुंबईच्या दमट हवेत वाळवून साठवू मात्र नका. वरून सुकलेला दिसतो, आत ओल राहते आणि बुरशी धरते. त्याच दिवशी उकळा. लिटरला दहा ग्रॅम मीठ घाला, वर तरंगल्यावर मिनिटभराने चाखायला लागा. उकळीचं वाटीभर पाणी राखून ठेवा, सॉसमध्ये लागेल.