मालक बदलला, लोणचं बदललं का?

प्रश्न : मालवणात आमची छोटी खानावळ आहे. मासळीचा मसाला घरचा, पण लोणचं सासूबाईंच्या काळापासून एकाच कंपनीचं. ती कंपनी परदेशी कंपनीने विकत घेतल्याचं पेपरात आलं आणि नेहमीची गिऱ्हाइकं म्हणायला लागली, ‘वैनी, ह्या लोणच्याक पयलीसारखी चव नाय.’ सासरे म्हणतात, कंपनीच बदल. लोणचं खरंच बिघडलं असेल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : ताई, चव आधी गेली की बातमी आधी आली, हे त्या गिऱ्हाइकांना एकदा विचारा.

माझी सगळी नोकरी रत्नागिरीच्या कॅनिंग कारखान्यात झाली, आमरसाचे डबे आणि खारवलेल्या कैरीची पिंपं यांच्यात. म्हणून सांगते, नुसत्या जिभेवर लोणचं पारखू नका. मोसमात कैरी मिठात घालून ठेवतात आणि पुढे वर्षभर त्यातून लोणचं होतं. मोसम बदलला, कैरीची जात बदलली की आंबटपणा बदलतो. शिवाय बरणी मुरली की फोड मऊ पडते, मोहरीचा झणका उतरतो, खार दाट होतो. दुकानात मागे राहिलेली जुनी बरणी आणि परवा आलेली नवी शेजारी ठेवलीत, तर बहुतेकांना जुनीच आवडेल. मालकाचा त्यात काही संबंध नाही.

लेबल मात्र मुरत नाही. जुनी रिकामी बरणी घरात असेलच. हळद किंवा आमसुलं ठेवायला लागतात म्हणून आपण त्या बरण्या टाकत नाही. तिच्यावरचे घटक आणि नव्या बरणीवरचे घटक कागदावर शेजारी शेजारी उतरवा. कायद्याने ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. आधी कैरी, तेल, मीठ असा क्रम असेल आणि आता मीठ तेलाच्या पुढे सरकलं असेल, किंवा तेलाचं नावच बदललं असेल, तर कृती बदलली. घटकांत आयएनएस, म्हणजे वरून मिसळलेल्या पदार्थांचे ठरलेले क्रमांकही दिसतील. आयएनएस २६० हे अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधला आंबटपणा. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, टिकण्यासाठी घालतात. दोन्हींना मर्यादेत परवानगी आहे, पण २६० नव्याने आलं असेल तर गिऱ्हाइकांची जीभ खरं बोलते आहे. मग निव्वळ वजन पाहा. उत्पादकाचा पत्ता आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांकही पाहा. प्रत्येक कारखान्याला वेगळा परवाना लागतो, म्हणून कारखाना बदलला का ते त्यावरून कळेल.

परदेशी मालक आला की माल बिघडतोच, हे मला पटत नाही. थम्स अप १९९३ मध्ये कोका-कोलाकडे गेलं, आणि आजही आपल्या टपरीवर लोक ते नाव घेऊनच मागतात. उलट ब्रिटनमध्ये कॅडबरी २०१० मध्ये अमेरिकी क्राफ्टने घेतली आणि २०१५ मध्ये तिथल्या क्रीम एग या अंड्याच्या आकाराच्या चॉकलेटच्या कवचाचं चॉकलेट बदललं, सहाचं पाकीट पाचाचं झालं. लोक चिडले, आणि बरोबरच चिडले. पण आपला मालक म्हणजे निर्धास्त, असंही नाही. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने इथिलीन ऑक्साइड हे कीडनाशक सापडल्याचं सांगून ज्या मसाल्यांची विक्री थांबवायला लावली, ते एमडीएच आणि एव्हरेस्टचे होते. दोन्ही कंपन्या भारतीय.

पैसा बाहेर जाऊ नये, म्हणून सासऱ्यांना गावातल्या बचत गटाचं लोणचं हवं असेल तर जरूर घ्या. ते कारण मला मनापासून मान्य आहे, फक्त ते चवीच्या नावावर घालू नका. आणि गटाच्या बरणीवरही तो १४ आकडी क्रमांक आणि तयार केल्याची तारीख मागा. ओळखीतल्या बायका आहेत म्हणून सोडू नका.

लेबलं जुळली नाहीत तर बरणीवरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर बॅच नंबर सांगून सरळ विचारा : कृती कधी बदलली, का बदलली? टोलवाटोलवी झाली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. मराठीत बोललात तरी चालतं.